पुण्यात 'टॉपफ्री' समानतेवर कार्यक्रम घ्यायचाय: कायदा नेमका कुठे अडतो?

मुठाकाठ:

नमस्कार मंडळी. २६ ऑगस्टच्या आसपास बाहेरच्या देशांत 'गो टॉपलेस डे' असतो. तो मुहूर्त धरून गुडलक चौकातल्या कलाकार कट्ट्यावर तासाभराचा कार्यक्रम घ्यायचा विचार चालू आहे. मुद्दा सरळ आहे. आळंदीच्या घाटावर, तालमीत, चाळीच्या गॅलरीत पुरुष उघड्या अंगाने वावरतो आणि कुणी वळूनही बघत नाही, मग बाईचं तेवढंच शरीर आपोआप अश्लील कसं ठरतं? गट २५-३० जणांचा, त्यात मुलगेही आहेत, सगळे अठराच्या वरचे.

नेमकं हवंय ते असं. भारतात बाईने छाती उघडी ठेवू नये असं कुठल्या कायद्यात लिहिलंय का? प्रत्यक्ष टॉपलेस निदर्शन केलं तर कोणती कलमं लागतील? आणि ते टाळून मुद्दा पोहोचवायचा असेल तर रस्त्यावर आणि हॉलमध्ये काय करता येईल? नैतिकतेचे धडे नकोत, ते घरी मिळतात.

कलमबहाद्दर:

बाईचं नाव घेऊन बंदी घालणारं कलम नाही. इथूनच गोंधळ सुरू होतो, कारण परदेशातली गाजलेली प्रकरणं डोळे मिटून इथे लावता येत नाहीत.

रस्त्यावर केलंत तर पहिलं लागेल ते भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ (जुनं भादंवि २९४). सार्वजनिक ठिकाणी अश्लील कृत्य, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. दखलपात्र आहे, पण जामीनपात्रही आहे, म्हणजे जामीन हा हक्क. या कलमात 'इतरांना त्रास होईल असं' ही अट आहे, आणि तो त्रास झाला हे सरकार पक्षाला सिद्ध करावं लागतं. दुसरं, महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम ११०. ठाण्यात '११०-११७ ची कारवाई' म्हणतात ती हीच. यात अंग असभ्यपणे उघडं टाकणं थेट येतं. मजकूर स्त्री-पुरुष भेद करत नाही, अंमलबजावणी करते. तिसरं, त्याच अधिनियमाचं कलम ३७: आयुक्त जमावबंदी तर घालू शकतातच, पण सभ्यतेला बाधक वाटतील असे हावभाव, चित्रं, फलक यांनाही मनाई करू शकतात. असा आदेश चालू असताना कट्ट्यावर उभं राहणं हाच वेगळा गुन्हा, कपडे अंगावर असोत वा नसोत. त्यामुळे कार्यक्रमाच्या आठवड्यात पुण्यात ३७ चा आदेश लागू आहे का, हे ठाण्यात विचारून घ्या. सणासुदीच्या तोंडावर असे आदेश निघतातच, आणि ऑगस्टची अखेर म्हणजे बहुतेक गणपतीच्या आसपासचे दिवस.

शिक्षा किरकोळ वाटेल. खरी शिक्षा तारखांची असते. मिलिंद सोमण आणि मधू सप्रे यांच्या बुटांच्या जाहिरातीचं प्रकरण १९९५ चं, सुटका झाली २००९ मध्ये. शिवाय फौजदारी खटला चालू असताना पासपोर्टला न्यायालयाची परवानगी लागते. ज्यांना पुढच्या वर्षी शिकायला बाहेर जायचंय त्यांना हे आधी सांगा. न्याय संहितेचं समान उद्देशाचं कलम ३(५) लावून आयोजकही आरोपी होऊ शकतात.

परदेशी निकालांपैकी न्यू यॉर्कचं १९९२ चं सँटोरेली प्रकरण सगळे सांगतात. तिथल्या कायद्यात स्त्रीचं स्तन असं स्पष्ट लिहिलं होतं. तरीही बहुमताने समानतेच्या प्रश्नाला हात न लावता 'हे कलम अशा वर्तनासाठी नाहीच' एवढं म्हणून टॉपलेस बायकांना सोडलं. समानतेचं बोलले ते सहमतीचं वेगळं निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती टिटोन. कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स शहराचा २०१९ चा निकाल मात्र खरोखर समानतेवर आहे, कारण शहराचा नियम फक्त बायकांना होता. त्याच महिन्यात न्यू हॅम्पशायरच्या सर्वोच्च न्यायालयाने उलट निकाल दिला, म्हणजे अमेरिकेतही एकमत नाही.

आपल्याला जवळचं प्रकरण कॅनडाचं. १९९१ च्या जुलैत ग्वेल्फमध्ये ग्वेन जेकब उकाड्यात शर्ट काढून चालली. कलम 'असभ्य कृत्य' असं मोघम होतं, आपल्या २९६ सारखंच. १९९६ मध्ये ऑन्टारियोच्या अपील न्यायालयाने तिला निर्दोष सोडलं: कृती व्यावसायिक नव्हती, त्यात हीन काही नव्हतं, आणि ज्याला आवडलं नाही त्याला बघत राहायची सक्ती नव्हती. इथे वकिलाला युक्तिवाद करायचा झाला तर तो याच वाटेने जाईल.

देशातला आधार केरळ उच्च न्यायालयाचा, जून २०२३. कार्यकर्त्या रेहाना फातिमा यांच्या उघड्या शरीरावर त्यांच्या मुलांनी चित्र काढल्याचा व्हिडिओ, त्यावर पॉक्सो आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा. न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं आणि बाईचा कमरेवरचा उघडा देह म्हणजे आपोआप लैंगिक असं धरता येणार नाही, असं स्पष्ट केलं. पुरुषाच्या उघड्या अंगावर कुणी बोट ठेवत नाही हेही त्यात आहे. पण त्याआधी त्यांना शरण येऊन कोठडीत जावं लागलं होतं. आणि तो निकाल केरळचा, मुंबई उच्च न्यायालयावर बंधनकारक नाही. जवळचं हवं असेल तर नागपूर खंडपीठाचा २०२३ चा निकाल वाचा: तोकड्या कपड्यांतला नाच तेवढ्यावरून जुन्या भादंवि २९४ खाली (आताचं २९६) अश्लील ठरत नाही.

पेठेतला:

बायकांना रात्री साडेदहाला पीएमटीत नीट बसता येत नाही आणि तुम्हाला हे सुचतंय. कमाल आहे.

आडवा_छेद:

@पेठेतला, दोन्हींचं मूळ एकच आहे: बाईचं शरीर कुणी कसं बघायचं हे बघणारा ठरवतो. पण तुमचा आक्षेप कट्ट्यावर दहा जण घेतीलच, तेव्हा उत्तर तयार असलेलं बरं.

@मुठाकाठ, फलकांच्या मजकुराबद्दल. आपल्याकडे या विषयाचा इतिहास उलट्या दिशेनेही चालतो, आणि तो वगळलात तर पहिल्याच प्रश्नाला पडाल. त्रावणकोरात नाडर बायकांना छाती झाकायचा हक्क मिळवायला काही दशकं झगडावं लागलं. १८५९ च्या जाहीरनाम्याने झाकायची मुभा दिली, तीसुद्धा वरच्या जातीच्या बायकांची नक्कल करायची नाही या अटीवर. उघडं ठेवायला लावणं आणि झाकायला लावणं, दोन्ही हुकूम दुसऱ्याचेच. फलकावर हे असेल तर 'ही पाश्चात्त्य थेरं' म्हणणाऱ्याची अर्धी हवा जाते, आणि 'ही सवर्ण पोरींची हौस' म्हणणाऱ्यालाही उत्तर मिळतं. स्तनकराच्या निषेधात स्वतःचे स्तन कापणाऱ्या नांगेलीची कथा घेतलीत तर लोककथा म्हणूनच घ्या. समकालीन कागदपत्र नाही, आणि पुण्यात कुणीतरी ते विचारणारच.

मणिपूरचं २००४ चं कांगला किल्ल्यासमोरचं निदर्शन याच फलकावर टाकू नका. आसाम रायफल्सने ताब्यात घेतलेल्या थांगजम मनोरमा हिच्या मृत्यूनंतर १२ बायकांनी विवस्त्र होऊन लष्करावर आरोप ठेवला होता. तिथे नग्नता हा आरोप होता, हक्काची मागणी नव्हे. एकत्र केलंत तर दोन्हींचा अपमान.

मराठी माणूस हवा असेल तर र. धों. कर्वे आहेतच. 'समाजस्वास्थ्य' १९२७ पासून, मुखपृष्ठावर नग्न चित्र, आणि नग्नतेत अश्लील काही नाही ही भूमिका जाहीर. १९३४ च्या अश्लीलतेच्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. हा एक फलक दहा परदेशी निकालांना भारी पडेल.

छापखाना:

रस्त्यावर अंग उघडं न करता हेच दाखवायचं असेल तर टी-शर्ट. एकाच पुरुषाच्या उघड्या छातीचा फोटो, तोच सगळ्यांच्या शर्टवर, मुलींच्या आणि मुलांच्याही. ओळीत उभं राहिलं की वेगळं काही सांगावं लागत नाही. आक्षेप घेणाऱ्याला पुरुषाच्या छातीवरच घ्यावा लागतो, आणि तिथेच त्याची पंचाईत होते.

यात चुकतं ते छपाईत. ए-४ आकारात छापलं की फोटो बरगडीच्या वरच संपतो आणि पाकिटावरच्या चित्रासारखा दिसतो. ए-३ घ्या, आडव्या खांद्याच्या रुंदीइतका. प्रिंटची वरची कड गळ्याच्या शिवणीपासून तीन इंचांवर. मापं वेगवेगळी असतील तर एस आणि एक्स-एलसाठी फोटो वेगळा लहान-मोठा करून घ्या, नाहीतर एकाची स्तनाग्रं पोटावर येतात आणि लोक फक्त हसतात. सुती शर्टवर डीटीएफ (फिल्मवर छापून शर्टवर उतरवायची छपाई) करा. सब्लिमेशन स्वस्त सांगतील, पण ते पॉलिएस्टरवरच धरतं, सुतीवर पहिल्या धुण्यात जातं. शर्टचा रंग फोटोतल्या कातडीच्या जवळचा घ्या. पांढऱ्यावर चौकोन चिकटवल्यासारखा दिसतो.

बॉडी पेंटिंगने अंग 'झाकलं' असं कुणी सुचवेल. रंग म्हणजे कपडा नव्हे, कलम ११० तसंच उभं राहतं.

कलमबहाद्दर:

छापखान्याशी सहमत. परवानगीचा अर्ज स्थानिक ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे, गुडलक चौकासाठी डेक्कन. किमान आठवडाभर आधी, दोन प्रती, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. अर्जात वेळ, संख्या, दोन जबाबदार व्यक्तींचे फोन, ध्वनिक्षेपक आहे की नाही, आणि 'अंगावर पूर्ण कपडे असतील, छापील टी-शर्ट असतील' हे वाक्य. शर्टचा नमुना फोटो जोडा. लपवून आयत्या वेळी दाखवलंत तर तिथेच थांबवतील. रस्त्यावर मांडव किंवा स्टेज टाकणार असाल तर महापालिकेचं क्षेत्रीय कार्यालय आणि वाहतूक शाखा वेगळी. कार्यक्रम सूर्यास्ताआधी आटपेल असा ठेवा: अटकेची वेळ आलीच तर सूर्यास्त ते सूर्योदय बाईला अपवादात्मक परिस्थितीतच, महिला अधिकाऱ्याकडून आणि तिने लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेतल्यावर अटक होऊ शकते (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, बीएनएसएस ४३(५)), पण ठाण्यात बसवून ठेवण्यावरून वाद घालायची वेळच कशाला आणायची.

मुठाकाठ:

धन्यवाद, शर्टवरच येतोय. हॉलमध्ये फोटोंचं छोटं प्रदर्शनही डोक्यात आहे. स्तनाग्रांचे १२ क्लोजअप, सहा बायकांचे, सहा पुरुषांचे, आणि बघणाऱ्याने ओळखायचं. हे चालेल का? आणि इन्स्टावर टाकावं का?

चौकट:

कल्पना चांगली, पण ढिली केली तर फसते. केस, स्तनाग्राभोवतीच्या वर्तुळाचा आकार आणि छातीचा उतार यांवरून लोक लगेच ओळखतात. म्हणून फक्त ५ बाय ५ सेंटीमीटरचा भाग, केस काढलेले, कृष्णधवल, सगळ्यांना समोरून एकाच अंतरावरचा मऊ प्रकाश. बाजूने प्रकाश टाकला की उतार दिसतो. सगळे ८ बाय ८ इंच छापा, खाली नाव नको, फक्त क्रमांक. उत्तरं बाहेर पडायच्या दाराशी, बंद पाकिटात.

कायद्याने हे फोटो न्याय संहितेचं कलम २९४ (जुनं भादंवि २९२) आणि स्त्रियांच्या असभ्य प्रतिमांविरुद्धच्या १९८६ च्या कायद्याखाली तपासले जातील. दोन्हींत कला, ज्ञान, लोकहित यांना सवलत आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अवीक सरकार निकालापासून नग्न चित्र संदर्भासकट, आजच्या समाजाच्या मापाने बघायचं असतं. म्हणून प्रास्ताविकाचा फलक पहिला लागलाच पाहिजे, चित्रं त्यानंतर. दारावर १८+ ची पाटी, ओळखपत्र बघणारं माणूस, खिडकीतून रस्त्यावर काही दिसणार नाही अशी मांडणी. खासगी कलादालन बघा, आणि भाड्याच्या करारात विषय लिहून घ्या. उद्घाटनाच्या सकाळी 'आम्हाला माहीतच नव्हतं' म्हणून कुलूप लागायला नको.

संमतीपत्रात तीन वेगळे रकाने: फोटो काढणं, हॉलमध्ये लावणं, इंटरनेटवर टाकणं. प्रत्येकावर वेगळी सही. बंद खोलीत काढलेला बाईचा फोटो संमतीपलीकडे पसरवला तर न्याय संहितेचं कलम ७७ लागतं, फोटो काढायला होकार असला तरीही. हे संरक्षण मोलाचं आहे, आणि रस्त्यावर स्वतःहून उघडं झाल्यावर ते जवळपास उरत नाही. कुणीही काढलेला व्हिडिओ मग फिरतच राहतो. जाता जाता, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ई वाचा. 'खासगी भाग' या व्याख्येत छातीपैकी फक्त 'स्त्रीचं स्तन' आहे, पुरुषाची छाती नाही. बाईच्या रक्षणासाठी लिहिलेली ओळ आहे, पण तुमच्या प्रदर्शनाचा शेवटचा फलक म्हणून जशीच्या तशी लावा.

इन्स्टावर क्लोजअप टाकू नका. निषेधाच्या कृतीला त्यांच्या नियमांत सूट आहे, पण आधी यंत्र काढून टाकतं आणि अपिलाचं नंतर बघतात. मेटाच्याच ओव्हरसाइट बोर्डाने जानेवारी २०२३ मध्ये हे नियम गोंधळाचे असल्याचं म्हटलं होतं. शिवाय इथे माहिती तंत्रज्ञान कायद्याचंच कलम ६७ (इंटरनेटवर अश्लील मजकूर टाकणं) उभं आहे, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड, म्हणजे रस्त्यावरच्या २९६ पेक्षा कितीतरी जड. शर्टांच्या ओळीचे फोटो टाका. मूळ फाइली एकाच हार्ड डिस्कवर, क्लाउड बंद, ठिकाणाची माहिती पुसून.

आडवा_छेद:

एक मागणी कार्यक्रमाला जोडून घ्या, म्हणजे निवेदन द्यायला काहीतरी हातात राहील: सार्वजनिक ठिकाणी स्तनपान. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याकडे नाक मुरडू नये असं बजावलंय आणि सोयी करायला सांगितलंय. बसस्थानकांवरचे हिरकणी कक्ष उघडे आहेत की कुलूपबंद, आत बाक आणि पंखा आहे का, याची स्वारगेट आणि शिवाजीनगरची पाहणी करून तारखेसह फोटो जोडा. कक्षाबाहेर, बाकावर बसून पाजणाऱ्या बाईला हटकू नये अशी सूचना वाहक आणि सुरक्षारक्षकांना लेखी द्या, ही मागणी आगारप्रमुखांच्या नावे. त्याचीही आवक घ्या.

मुठाकाठ:

पाहणी या शनिवारी करतो. @छापखाना, डीटीएफला ३० नगांना साधारण किती दिवस धरायचे?

छापखाना:

फाइल पक्की असेल तर चार दिवस. गणपतीच्या आधीचा आठवडा असेल तर दहा धरा, तेव्हा सगळे मंडळांच्या शर्टांत अडकलेले असतात. आधी एक नग छापून अंगावर घालून बघा, मगच बाकीचे टाका.