बाबांच्या चार्टवर 'ई२ व्हीटी एम५' लिहिलंय, म्हणजे काय?

मुलगी_मिरज:
बाबा (वय ६३) मंगळवारी दुचाकीवरून पडले. मेंदूत रक्तस्राव झाला, ऑपरेशन झालं, आज न्यूरो आयसीयूत चौथा दिवस. भेटायला दहा मिनिटं मिळतात. चार्टवर वरचं लिहिलेलं, मॉनिटरवर आयसीपी १८. काल सिस्टर त्यांच्या खांद्याला जोरात चिमटा काढत होत्या. मला बघवेना, बाहेर आले. झोपेचं औषध चालू आहे, मग दर तासाला त्रास कशाला? कुणी समजावून सांगाल का?

रात्रपाळी:
ताई, मी ९ वर्षं न्यूरो आयसीयूत स्टाफ नर्स आहे. तो चिमटा मीही काढते. नातेवाईक समोर असले की हात जड होतो, पण काढतेच.

ई म्हणजे डोळे, व्ही बोलणं, एम हालचाल. पूर्ण मार्क ४, ५ आणि ६. घशात नळी आहे म्हणून बोलण्याला मार्क नाहीत, तिथे टी. ई२ म्हणजे दुखवल्यावर डोळे उघडतात. एम५ म्हणजे जिथे दुखतंय तिथे हात नेतात. हे महत्त्वाचं. मी चिमटा काढताना तोंडाकडे कमी, हाताकडे जास्त बघते. हात खांद्यापर्यंत आला की ५. काल येत होता आणि आज नुसतं कोपर दुमडलं, तर मी लगेच डॉक्टरांना फोन लावते. टॉर्चने बाहुल्या बघतो त्याही त्यासाठीच. एक मोठी होऊन उजेडाला आकसेनाशी झाली तर एक मिनिटही थांबत नाही.

ही मोजणी ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ साली मांडली. इतकी यंत्रं आली, तरी आमची पाळी याच्यावरच चालते.

आयसीपी म्हणजे कवटीतला दाब. २२ च्या वर जाऊन तिथेच राहिला तर सहसा उपचार वाढवतात. खोकला आला, सक्शन केलं (नळीतला कफ ओढून काढला) की आकडा उसळतो आणि उतरतो, घाबरू नका. झोपेचं औषध कधी कमी करायचं ते डॉक्टर दाब बघून ठरवतात.

एक करा. भेटताना बाबांची मान स्वतःकडे वळवू नका. मान वळली की डोक्यातलं रक्त खाली उतरायला अडतं, दाब वाढतो. त्यांच्या नजरेसमोर उभं राहून बोला.

धाकटा_भाऊ:
आमच्या दादाच्या मेंदूची सूज उतरली तरी जाग येईना. मग डोक्याला तारा लावून २४ तास ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) ठेवला. अंग अगदी शांत, बोटसुद्धा हलत नव्हतं, पण मेंदूत फिट चालू होती! औषध बदललं, तिसऱ्या दिवशी त्याने डोळे उघडले. झोपेचं औषध बंद करूनही जाग आली नाही, तर डॉक्टरांना ईईजीचं जरूर विचारा.

मुलगी_मिरज:
सिस्टर, आज पायथ्याशी उभी राहिले. चिमटा काढला तेव्हा बाहेर गेले नाही. बाबांचा उजवा हात हळूहळू वर आला आणि त्यांनी सिस्टरचं बोट बाजूला सारलं.