मिठीकाठच्या पूरधोक्याचा अभ्यास कुठून सुरू करावा?

प्रश्न: नगररचनेची पदवी घेऊन मी नुकतीच संशोधनाला लागले आहे. मिठी नदीकाठच्या वस्त्यांचा पूरधोका मांडताना पावसाच्या कोणत्या नोंदी आधाराला घ्याव्यात?

उत्तर: २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला मात्र ७५ मिलिमीटरही नाही, म्हणून शहराची सरासरी बाजूला ठेवून केंद्रनिहाय, तासागणिक नोंदी घ्या आणि त्यांच्याशेजारी भरतीच्या वेळा मांडा, कारण भरतीच्या वेळी मिठीचे पाणी माहीमच्या खाडीत उतरायला अडते.

दुसरे उत्तर: सहमत आहे. तरीही नकाशाआधी वस्तीत जा. पाणी उंबऱ्याला केव्हा लागले, हे तिथल्या बायकांना नेमके आठवते, आणि माझ्या मते ती नोंद पर्जन्यमापकाइतकीच मोलाची आहे.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. भरतीचा विचार माझ्या आराखड्यात नव्हता. तो आता घेते.