मदत हवी आहे: आईचा लंग कॅन्सर, चौथी स्टेज. "मेडियन १८.९ महिने" म्हणजे नेमकं काय?

नमस्कार मंडळी. इथे वर्षानुवर्षं नुसतं वाचते, लिहायची वेळ अशा कारणाने येईल असं वाटलं नव्हतं. लांबलचक होणारे, सांभाळून घ्या.

आई, वय ५८, आयुष्यात सिगरेट हातात धरलेली नाही. चार महिने कोरडा खोकला होता. आधी अ‍ॅलर्जी म्हणून गोळ्या, मग अ‍ॅसिडिटीने असेल म्हणून गोळ्या, मग अँटिबायोटिकचे दोन कोर्स. जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा कुठे एक्स-रे काढला तर उजव्या फुफ्फुसाभोवती पाणी. दीड लिटर पाणी काढलं, टीबी असणार म्हणून टीबीच्या गोळ्याही चालू केल्या, आणि मग त्या पाण्यातच कॅन्सरच्या पेशी सापडल्या. पुढे सीटी, पेट स्कॅन, बायोप्सी सगळं झालं. अ‍ॅडेनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथीसारख्या पेशींचा कॅन्सर, आणि टीटीएफ-१ पॉझिटिव्ह, म्हणजे तो फुफ्फुसातलाच. पाण्यात पेशी आहेत म्हणून स्टेज ४ए. मेंदूचा एमआरआय क्लिअर आहे, तेवढंच एक बरं.

आता अडलंय ते असं की बायोप्सीचं टिश्यू एनजीएसला, म्हणजे गाठीच्या जनुकांतले बदल (म्युटेशन) शोधणाऱ्या टेस्टला, पाठवलंय आणि रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतील म्हणे. आमचे ऑन्कॉलॉजिस्ट म्हणतात थांबू. सेकंड ओपिनियनला गेलो तर ते म्हणाले पीडी-एल१ (कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रथिन) साठ टक्के आलाय, कशाला थांबताय, केमो आणि इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं सलाईन) याच आठवड्यात सुरू करू. भाऊ त्यांच्या बाजूने, मी मधे लटकलेली.

आणि दुसरं, खरं तर हेच जास्त छळतंय. रात्री आई झोपली की मी मोबाईलवर पेपर वाचत बसते. ओसिमर्टिनिब नावाच्या गोळीच्या फ्लॉरा ट्रायलमध्ये "मेडियन १८.९ महिने" असं वाचलं आणि तेव्हापासून तो आकडा डोक्यातून जातच नाही. कॅलेंडर उघडून महिने मोजले, मूर्खपणा आहे कळतंय पण मोजले. पलीकडच्या खोलीत आई तोंडावर उशी दाबून खोकते, आम्हाला जाग येऊ नये म्हणून, आणि मी इकडे तिचे महिने मोजतेय.

तर १८.९ म्हणजे तिच्याकडे एवढेच महिने आहेत का? थांबावं की सुरू करावं? रक्तावरून ही टेस्ट लवकर होते असं ऐकलंय, ते खरं का? कुणाला यातलं कळत असेल तर प्लीज सांगा.

– निशिगंध२

---

रानवारा: ताई, वाचून कसंतरी झालं. मला यातलं काही कळत नाही पण धागा वर आणतो, जाणकार येतील. रात्री दोनला पेपर वाचणं मात्र बंद करा.

---

आकडेमोड्या: मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्र शिकवतो, आणि वडिलांच्या आजारपणात हेच पेपर तुमच्यासारखेच रात्री वाचलेत. म्हणून फक्त आकड्यांबद्दल बोलतो.

पहिली गोष्ट, १८.९ महिने हा आयुष्याचा आकडा नाहीच. तो प्रोग्रेशन-फ्री सर्व्हायव्हलचा आहे, म्हणजे आजार पुढे सरकल्याचं स्कॅनवर दिसेपर्यंतचा काळ. आजार सरकला म्हणजे माणूस गेला असं नाही, तिथून पुढची ट्रीटमेंट सुरू होते. त्याच ट्रायलमध्ये प्रत्यक्ष जगण्याचा मेडियन ३८.६ महिने होता, आणि ज्यांना आधीच्या पिढीतल्या गोळ्या दिल्या त्यांचा ३१.८. तुम्ही ज्या आकड्यावरून कॅलेंडर मोजलंत तो आकडाच वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

दुसरी, मेडियन म्हणजे मुदत नव्हे. शंभर जण ओळीत उभे केले तर पन्नासाव्याच्या आसपासचा माणूस कुठे आहे तेवढंच तो सांगतो. त्याच्या मागे पन्नास, पुढे पन्नास. पुढचे पन्नास कुठवर पसरलेत ते मेडियनवरून कळत नाही, त्यासाठी पेपरातला ग्राफ बघायचा, तो जिन्यासारखा उतरत जाणारा, आणि त्याचं उजवीकडचं टोक किती लांब जातं ते बघायचं. (खरं सांगायचं तर बघूच नका. पण बघणारच असाल तर ते बघा.)

तिसरी गोष्ट मला स्वतःला फार पटलेली. २०२३ मध्ये फ्लॉरा-२ आली, त्यात एका गटाला नुसती ओसिमर्टिनिब आणि दुसऱ्याला ओसिमर्टिनिब अधिक केमो. आजार थोपवून धरण्याचा काळ १६.७ विरुद्ध २५.५ महिने. आता बघा, नुसत्या गोळीचा आकडा पहिल्या ट्रायलमध्ये १८.९ आणि दुसऱ्या ट्रायलमध्ये १६.७. औषध तेच, डोस तोच, पेशंट वेगळे. मग तुमच्या आईला यातला कुठला लागू करायचा? कुठलाच नाही. २०२५ मध्ये याच ट्रायलचे जगण्याचे आकडे आले, ३७.६ विरुद्ध ४७.५ महिने.

आणि हे सगळं गाठीत ईजीएफआर या जनुकाचं म्युटेशन असलेल्यांचं आहे. आईंना ते आहे की नाही हेच अजून माहीत नाही. म्हणजे तुम्ही कदाचित दुसऱ्याच कुणाचे आकडे उराशी धरून बसलाय.

---

निशिगंध२: दादा, तीन वेळा वाचलं. आजार सरकेपर्यंतचा काळ हे मला माहीतच नव्हतं, मी सरळ आयुष्यच समजले. भावाला फॉरवर्ड केलं.

---

पॅथवाली: मी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे माझ्या बाजूचं सांगते.

थांबा म्हणणारे डॉक्टर का थांबतायत ते आधी. पीडी-एल१ जास्त आला की इम्युनो द्यायचा मोह होतो आणि म्युटेशन नसेल तर ते बरोबरही आहे, २०१६ पासून ते ठरूनच गेलंय. पण ईजीएफआर किंवा अल्क या जनुकांत बदल असणाऱ्यांमध्येही पीडी-एल१ जास्त येऊ शकतो आणि त्यांना नुसत्या इम्युनोचा फारसा उपयोग होत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आधी इम्युनो देऊन पाठोपाठ ओसिमर्टिनिब दिली तर काहींच्या फुफ्फुसाला भयंकर सूज येते. २०१९ च्या एका अभ्यासात अशा क्रमाने औषधं मिळालेल्या ४१ पैकी ६ जणांना गंभीर त्रास झाला, आणि आधी गोळी मग इम्युनो अशा उलट क्रमात कुणालाच नाही. इम्युनोचा अंमल शरीरात कित्येक आठवडे राहतो, सलाईन काढलं की संपलं असं नसतं. कधी सिगरेट न ओढलेली बाई आणि त्यात अ‍ॅडेनोकार्सिनोमा, म्हणजे म्युटेशन निघण्याची शक्यता चांगलीच. इथे रिपोर्ट येईपर्यंत दम धरण्यात अर्थ आहे.

"मग अंदाजाने गोळीच सुरू करू" असंही कुणी म्हणेल, तेही नको. २००९ ची आयपास ट्रायल त्यासाठीच प्रसिद्ध आहे. गेफिटिनिब (ओसिमर्टिनिबच्या आधीच्या पिढीतली गोळी) आणि केमो यांची तुलना होती, म्युटेशन असलेल्यांना गोळीने केमोपेक्षा फायदा झाला आणि नसलेल्यांचं गोळीवर केमोपेक्षा वाईट झालं.

रक्ताची टेस्ट म्हणजे लिक्विड बायोप्सी, हो, ती सहसा लवकर होते. ट्यूमरचा डीएनए रक्तात उतरलेला असतो तो शोधतात. पॉझिटिव्ह आली तर त्यावर निर्णय घेता येतो. निगेटिव्ह आली तर मात्र "म्युटेशन नाही" असा अर्थ काढायचा नाही, कदाचित रक्तात पुरेसं उतरलंच नसेल, टिश्यूची वाट बघावीच लागते. काढलेल्या पाण्याचा सेल ब्लॉक केला असेल, म्हणजे त्यातल्या पेशी मेणात बसवल्या असतील, तर त्यावरही टेस्ट होते, टिश्यू कमी पडलं तर विचारा.

आणि एक अगदी व्यवहाराची गोष्ट. तुमचा ब्लॉक आत्ता कुठे आहे ते उद्या फोन करून विचारा. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला टिश्यूचा तुकडा, नखाएवढा, प्लास्टिकच्या छोट्या चौकटीत असतो. "पाठवलाय" आणि "पोचलाय" यात किती दिवस जातात ते मी रोज बघते.

---

अर्धाडॉक्टर: पॅथवालींशी सहमत, पण थांबणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. पाणी परत भरतंय का, धाप वाढतेय का यावर रोज लक्ष हवं. तब्येत ढासळायला लागली तर पहिलं सायकल नुसत्या केमोचं, इम्युनो वगळून, देता येतं आणि तोवर रिपोर्ट येतो. हा मधला रस्ता दोन्ही डॉक्टरांसमोर ठेवा. माझ्या मते निम्मं भांडण तिथेच मिटेल.

आणि त्या टीबीच्या गोळ्या अजून चालू आहेत का? त्यातलं रिफॅम्पिसिन ओसिमर्टिनिबची रक्तातली मात्रा खूप खाली आणतं. ऑन्कॉलॉजिस्टना स्पष्ट सांगा, फाईलमध्ये असेल असं गृहीत धरू नका.

---

हिरवळ: ताई व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा, आमच्या ओळखीत एकाची चौथ्या स्टेजची गाठ नुसत्या नैसर्गिक अर्काने विरघळली, केमोच्या नादी लागू नका.

अर्धाडॉक्टर: हिरवळ, कृपा करा. बायोप्सीचा रिपोर्ट आणि आधीचं-नंतरचं स्कॅन असेल तर व्यनिची गरज नाही, इथेच टाका. निशिगंध, असले अर्कही औषधांच्या मात्रेत गडबड करू शकतात, विचारल्याशिवाय काहीही देऊ नका.

---

चौथा_मजला: मी स्वतः पेशंट आहे. चौथी स्टेज, अल्क पॉझिटिव्ह, आता पाचवं वर्ष. अल्क शंभरात तीन ते पाच जणांना निघतो, आणि या जीनमधला बदल या कॅन्सरमध्ये असतो हेच मुळी २००७ ला कळलं. लॉरलॅटिनिब या अल्कवरच्या गोळीच्या ट्रायलमध्ये पाच वर्षांनी ६० टक्के लोकांचा आजार जागचा हललेला नव्हता, जुन्या गोळीवर ८ टक्के. पाच वर्षांचा आकडा काढायचा तर पेशंट पाच वर्षांपूर्वीचेच धरावे लागतात, म्हणून इंटरनेटवरचे एकूण टक्के वाचून माझ्या बायकोने जेवढं रडून घेतलं तेवढी गरज नव्हती. सगळ्यांचं माझ्यासारखं होतं असं म्हणत नाही, माझ्याबरोबर सुरू केलेल्या ग्रुपमधले दोघं आता नाहीत.

एक सल्ला. पॅलिएटिव्हच्या, म्हणजे आजाराचा त्रास कमी करणाऱ्या, डॉक्टरांना आत्ताच भेटा. नाव ऐकून आम्हीही दचकलो होतो. २०१० मध्ये अमेरिकेत १५१ लंग कॅन्सर पेशंटवर अभ्यास झाला, ज्यांना सुरुवातीपासून ही मदत मिळाली ते जास्त बरे राहिले आणि जगलेही जास्त, ११.६ विरुद्ध ८.९ महिने, तेव्हाची औषधं धरून. तो उशीत दाबलेला खोकला आहे ना, त्यावर औषध असतं हो. सहन करायची गोष्ट नाही ती.

---

निशिगंध२: अपडेट, आणि संताप. लॅबला फोन केला. ब्लॉक सहा दिवस तिथेच ड्रॉवरमध्ये! फॉर्मवर एक सही राहिली होती म्हणून पुढे गेलाच नाही आणि कुणाला कळवावंसंही वाटलं नाही. पॅथवाली ताई, तुम्ही म्हणाला नसतात तर आम्ही वाट बघत बसलो असतो. आज स्वतः उभी राहून पाठवला, रक्ताचं सॅम्पलही दिलं. टीबीच्या गोळ्या ऑन्कॉलॉजिस्टनी बंद केल्या, त्यांना माहीतच नव्हतं. केमोचा मधला रस्ता दोघांनाही पटला, पण धाप वाढलेली नाही म्हणून सध्या थांबलोय. खोकल्याला औषध मिळालं, दोन रात्री आई सलग झोपली.

---

निशिगंध२: रक्ताचा रिपोर्ट आला. ईजीएफआर, एक्झॉन १९ डिलिशन, म्हणजे ओसिमर्टिनिब चालणारं म्युटेशन. ऑन्कॉलॉजिस्ट हसले बऱ्याच दिवसांनी. आता नुसती गोळी की गोळी अधिक केमो?

आकडेमोड्या: आकडे जोडीच्या बाजूने आहेत, पण त्रासाचे आकडेही वाचा. टाटा मेमोरियलने २०२० मध्ये गेफिटिनिबला केमोची जोड देऊन बघितली, आजार थोपवून धरण्याच्या काळाचे ८ महिन्यांचे १६ झाले, पण तीव्र त्रास होणाऱ्यांचं प्रमाणही ४९ टक्क्यांवरून ७५ वर गेलं. सलाईनसाठीच्या फेऱ्या, उलट्या, थकवा हे सगळं आईंच्या अंगावर येणार, तेव्हा त्यांना विचारा.

निशिगंध२: विचारलं. सगळं नीट समजावून सांगितलं, दोन्ही पर्याय, पहिल्यांदाच काही न लपवता. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ठरवू गं, पण ती गोळी सकाळी घ्यायची की रात्री?

चौथा_मजला: त्यांना सांगा, कधीही चालते, फक्त रोज एकाच वेळी. आणि नखांच्या कडा जपा, तिथे सूज येऊ शकते.

निशिगंध२: सांगते. सोमवारी ईसीजी आणि इको आहे, मग सुरू.