२०२४ इंडी अल्बमसाठी खरंच तगडं वर्ष आहे का, की मलाच तसं वाटतंय?

खिडकीतली_सीट | १ डिसेंबर २०२४

मंडळी, ऑफिसातला एक वाद इथे आणतोय, कारण तिथे तो माझ्या आणि शेजारच्या डेस्कवाल्याच्या पलीकडे कोणाला झेपत नाही. त्याचं म्हणणं २०२४ एकदम फुसकं, खरं वर्ष म्हणजे २००७, त्यानंतर सगळी उतरंड. माझं म्हणणं बरोब्बर उलटं. मिसळीची पैज लागलीय, एक्स्ट्रा पावासकट.

मी फोनमध्ये इंडी, म्हणजे मोठ्या म्युझिक कंपन्यांबाहेर निघणाऱ्या, अल्बमांची यादी ठेवतो. नियम साधा, अल्बम येऊन महिना झाल्यावरही मी आपणहून तो पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत लावला तरच यादीत, नाहीतर कितीही स्टार मिळोत, बाहेर. दरवर्षी सात-आठ जमतात, यंदा आत्ताच चौदा झालेत. मार्चमध्ये तर नुसती झुंबड होती, २२ तारखेला एकाच शुक्रवारी वॅक्साहॅचीचा 'टायगर्स ब्लड' आणि एड्रियन लेंकरचा 'ब्राइट फ्युचर', पुढच्या शुक्रवारी सिंडी ली, त्याच्या पुढच्या शुक्रवारी व्हँपायर वीकेंड. मग जेसिका प्रॅट, फॉन्टेन्स डी.सी., एम.जे. लेंडरमन, आणि आत्ता परवा पिक्सीज आणि ब्रीडर्स बँडवाल्या किम डीलचा पहिला सोलो अल्बम, वयाच्या ६३व्या वर्षी! (हा तसा माझ्या महिन्याच्या नियमात बसत नाही, पण किम डीलला नियम लावणारा मी कोण.)

पण डेस्कवाला म्हणतो तुझी यादी वाढली कारण तू यंदा जास्त ऐकलंस, वर्ष चांगलं म्हणून नाही. आणि खरं सांगायचं तर याला माझ्याकडे उत्तर नाही. मोजायचं कसं मग?

कॅसेटवाला

तुमच्या डेस्कवाल्याचं वय पस्तीस ते चाळीसच्या मधे असणार, लिहून देतो. २००७ मध्ये तो हॉस्टेलवर असणार आणि माणसाचं हॉस्टेलचं वर्ष हे संगीताचं कायम सुवर्णयुग असतं. माझं १९९७. रेडिओहेडचा 'ओके कम्प्युटर' झालाच, पण इलियट स्मिथचा 'आयदर/ऑर', यो ला टेंगो, मॉडेस्ट माउसचा 'लोन्सम क्राउडेड वेस्ट', स्लीटर-किनी, सगळं त्याच एका वर्षात. आता गंमत अशी की यातला 'ओके कम्प्युटर' सोडला तर १९९७ मध्ये मी काहीही ऐकलेलं नव्हतं, कुठून ऐकणार, मुंबईच्या ऱ्हिदम हाउस या कॅसेटच्या दुकानात जायचो ते तिथली काचेची कपाटं बघायला आणि एक कॅसेट घ्यायला, आणि अमेरिकेतल्या छोट्या लेबलांचा, म्हणजे रेकॉर्ड कंपन्यांचा, माल तिथे माझ्या तरी कधी नजरेला पडला नाही. बाकीचं सगळं दहा वर्षांनी डाउनलोड करून ऐकलं आणि मग ठरवलं की आपलं वर्ष काय भारी होतं.

२००७ कमी होतं असं नाही हां. 'बॉक्सर', 'निऑन बायबल', 'साउंड ऑफ सिल्व्हर', आणि 'इन रेनबोज', जो रेडिओहेडने स्वतःच्या साइटवर ठेवून सांगितलं की काय द्यायचे ते तुम्ही ठरवा. पण त्याच वर्षी उन्हाळ्यात बॉन इव्हेरने 'फॉर एमा, फॉरेव्हर अगो' स्वतःच काढला होता, लेबलने तो २००८ मध्ये काढला, मग तो कोणत्या वर्षाच्या खात्यात टाकायचा? तुमच्या मित्राला विचारा. आणि न्यूट्रल मिल्क हॉटेलचा १९९८चा अल्बम घ्या. पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या साइटने आला तेव्हा दहापैकी ८.७ दिले, २००५ मध्ये पुन्हा निघाला तेव्हा १०. सात वर्षांत गाणी काय सुधारली काय? डिसेंबरात वर्षाचा निकाल लावणं म्हणजे लोणचं घातल्याच्या दुसऱ्या दिवशी बरणीत बोट घालण्यासारखं आहे.

खंबाटकी

बाकीचं माहीत नाही, पण ज्या वर्षी सिंडी लीचा 'डायमंड ज्युबिली' आला ते वर्ष फुसकं म्हणणाऱ्याला मिसळ देऊ नका, नुसती तर्री द्या.

हा अल्बम आला तेव्हा स्पॉटिफायवर नव्हता. ३२ गाणी, दोन तास. यूट्यूबवर एक लांबलचक व्हिडिओ, नाहीतर जिओसिटीजच्या (ती जुन्या काळची फुकट वेबपानांची सेवा) नावाच्या साइटवर एक पान, दिसायला डिट्टो १९९९चं, तिथून डब्ल्यूएव्ही फाइली उतरवायच्या आणि वाटलं तर ३० कॅनेडियन डॉलर पाठवायचे. मी रात्री डाउनलोड लावून झोपलो, जीबीच्या वर फाइल, सकाळी बघतो तर ९१ टक्क्यांवर लाइट गेलेली. दुसऱ्या रात्री पुन्हा. मग पेन ड्राइव्हवर घेतला तर गाडीचा स्टीरिओ डब्ल्यूएव्ही वाचेना, म्हणून सगळं एमपीथ्री करत बसलो, त्यात गाण्यांचा क्रम गेला, मग ३२ फाइलींना हाताने नंबर दिले. बायको म्हणाली एवढ्या वेळात बँड काढून झाला असता.

पण मग रविवारी साताऱ्याला निघालो. कात्रजच्या बोगद्यात शिरताना लावला, शिरवळला पहिला भाग चालूच, खंबाटकीत ट्रकमागे अडकलो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचं काही वाटलं नाही. लांबून, शेजारच्या घरातल्या रेडिओवर साठ सालचं काहीतरी लागलंय असा आवाज, मधेच गिटार अशी खरवडून जाते की मी चुकून आरसा बघितला, गाडीला काही घासलं की काय. साताऱ्यात शिरलो तरी दोन गाणी बाकी होती, म्हणून भावाच्या बिल्डिंगखाली गाडीत बसून राहिलो. वहिनी गॅलरीतून हाका मारत होती.

एवढा खटाटोप करून ऐकलेला अल्बम वाईट वाटणं शक्यच नाही असं कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे म्हणा. यादीतले बाकीचे तेरा मी भांडी घासताना ऐकलेत.

रालेकर

इथे नॉर्थ कॅरोलायनात राहतो म्हणून जरा वेगळं सांगतो. 'टायगर्स ब्लड'भर गिटार कोणाची, लेंडरमनची. वेन्सडे बँडमध्ये गिटार कोण वाजवतं, तोच. स्वतःचा 'मॅनिंग फायरवर्क्स' सप्टेंबरात, तोही वॅक्साहॅचीच्याच लेबलवर, अँटीवर. म्हणजे यादीतल्या चौदापैकी दोन अल्बमांत एकच माणूस आहे. त्यामुळे वर्ष तगडं आहे का याच्यापेक्षा, एका गावच्या चार पोरांची भट्टी जमलीय का, असं विचारावंसं वाटतं. मला तरी यंदा तेच दिसतं. लेंडरमन ॲशव्हिलचा, मी तिथून चार तासांवर. सप्टेंबरच्या शेवटी हेलीन वादळात त्या गावाची काय दशा झाली ते तुम्ही बातम्यांत बघितलं असेल, कित्येक आठवडे नळाला प्यायचं पाणी नव्हतं. मदतीसाठी बँडकॅम्पवर शंभरावर गाण्यांचा एक संग्रह निघाला, आर.ई.एम.पासून लेंडरमनपर्यंत सगळे त्यात. मी तो विकत घेतला, पूर्ण अजून ऐकलेला नाही, पण २०२४ म्हटलं की मला तोच आठवणार. तुमच्या महिन्याच्या नियमात हे कसं बसवायचं?

आणि जाता जाता, व्हँपायर वीकेंड कोलंबियावर आहे, म्हणजे सोनी. त्याला इंडी म्हणायचं असेल तर माझं ऑफिसही इंडीच. २००७चा 'इन रेनबोज' त्या हिशोबाने जास्त इंडी होता.

बी_साइड_ठाणे

सगळे परदेशी मोजताय, पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा 'बीटा' विसरलात काय? दिल्लीचा बँड, ऑगस्टमध्ये आला, आधीचा 'बिस्मिल्लाह' २०१९चा, म्हणजे पाच वर्षं थांबवलं पठ्ठ्यांनी. आणि मराठीचं विचाराल तर यंदा 'तांबडी चामडी'ने धुमाकूळ घातला, पण ते एक गाणं झालं. आपल्याकडे पोरं सिंगल काढतात, रीलवर चाललं तर दुसरं काढतात, चाळीस मिनिटांचा अल्बम काढायला पैसा आणि वेळ दोन्ही लागतं आणि ऐकणारा तिसऱ्या गाण्याला पळतो. त्यांना दोष देत नाहीये, मीपण पळतो.

माझं माप वेगळंय. जेसिका प्रॅटचा अल्बम २७ मिनिटांचा, ठाणे ते दादर फास्ट वेळेवर असली तर एका फेरीत एक अल्बम. चौथी सीट मिळाली तरी शेवटपर्यंत हेडफोन काढला नाही असे यंदा तीन. बास. गेल्या वर्षी एकच होता.

खिडकीतली_सीट

@रालेकर, व्हँपायर वीकेंड काढला. तेरा. त्या संग्रहाला नियम नको, तो घेतला की झालं.
@कॅसेटवाला, मित्र एकेचाळीसचा आहे, एकाच वर्षाने चुकलात. कसं ओळखलंत?? बॉन इव्हेरचं विचारलं, तर बेधडक म्हणाला २००७, त्याच्या हार्ड डिस्कवर फोल्डरला तेच नाव आहे.

खिडकीतली_सीट | १६ फेब्रुवारी २०२५

स्वतःचाच जुना धागा वर काढतोय, माफी. आपण इथे भांडत होतो त्यानंतर पाचच दिवसांनी, ६ डिसेंबरला, गीस बँडच्या कॅमेरन विंटरचा 'हेवी मेटल' आला. मेटल नाहीये, पियानो आहे आणि एक पोरगा कुठलंही वाक्य कुठेही तोडून गातोय, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं याला सर्दी झालीय. बऱ्याच वर्षअखेरच्या याद्या तोवर लागून गेलेल्या. मला जानेवारीत कोणीतरी पाठवला आणि आता महिना होऊन गेला, रोज चालू आहे, काल तर कुकरच्या शिट्ट्या मोजायचं राहिलं आणि डाळीचा कोळसा झाला.

म्हणजे पुन्हा चौदा. डेस्कवाल्याला ऐकवला, त्यालाही आवडला, आणि लगेच म्हणतो की हा २०२५मध्ये धरायचा, कारण २०२४मध्ये आपण कोणी ऐकलाच नव्हता. फोल्डरचं नाव काय ठेवलंस विचारलं तर विषय बदलला. मिसळ अजून कोणीच दिलेली नाही.