ख्याल ऐकणाऱ्या बाबांना सिंफनी कुठून सुरू करून देऊ?

खानापूरची_पोर: पाऊस लागला की आमच्याकडं दिवसभर मल्हार. बाबांचे कान मल्लिकार्जुन मन्सूर आणि कुमार गंधर्वांवर पोसलेले. परवा स्वतःहून म्हणाले, "डोंगर-नदीवरचं ते सिंफनी-बिंफनी कसलं असतंय, लाव की एकदा." वीस मिनिटांच्या आतलं सांगा. व्हिवाल्डीचं 'फोर सीझन्स' नको, कस्टमर केअरला होल्डवर ऐकून विटलेत.

टिळकवाडीकर: अक्का, स्मेताना ह्या चेक संगीतकाराचं 'व्हल्टावा', त्याच नावाच्या नदीवरचं, १८७४ चं. बारा-तेरा मिनिटं. दोन बासऱ्या म्हणजे दोन झरे, मग व्हायोलिनवर नदीची चाल. वाटेत शिकार, गावातलं लग्न, चांदणं, खडकातला खळाळ, शेवटी प्राग. बाबांना एवढंच सांगा, कणकुंबीपासून सौंदत्तीपर्यंत मलप्रभेच्या काठानं जायचंय. मूळ चाल परत येते, त्यामुळं धरून बसता येतं. वाद्यवृंद चालवणाऱ्या राफाएल कुबेलिकचं १९९० चं प्रागमधलं रेकॉर्डिंग घ्या. १९४८ ला देश सोडलेला माणूस परत येऊन वाजवतोय.

शहापूर_पेठ: बेथोवनची सहावी सिंफनी (१८०८) अख्खी नको, चौथा-पाचवा भाग सलग लावा. तोवर गप्प बसलेली तिंपनी, म्हणजे मोठे नगारे, चौथ्यात, वादळात, पहिल्यांदा वाजते. ओसरल्यावर गुराख्याचं गाणं. पण तिकडच्या संगीतात पाऊस बहुतेक वेळा धिंगाणा घालायला येतो, गेला की हुश्श. मल्हारात आपण त्याला बोलावतो. बाबा म्हणतील, "पावसाचं कौतुक कुठाय ह्यात?" आणि त्यांचं काही चुकणार नाही.

निपाणी_नाका: स्ट्राउसची 'आल्पाइन सिंफनी' कशी विसरला? वाऱ्याचं यंत्र, गुरांच्या गळ्यातल्या घंटा, सगळं हाय त्यात!

शहापूर_पेठ: पन्नास मिनिटं हाय ती मर्दा. प्रश्न वाच की.

टिळकवाडीकर: ख्यालवाल्यासाठी खरं तर सिबेलियसचं 'तापिओला', १९२६. फिनलंडचं जंगल. लग्न नाही, शिकार नाही, माणूसच नाही. एका इवल्याशा सुरावटीतून सगळं उगवतं, तिलाच उलटंपालटं करत अठराएक मिनिटं काढतो. बढत, म्हणजे राग हळूहळू फुलवत नेणं, ऐकायची सवय असलेल्याला हे पटकन उमगतं. शेवटाकडं तंतुवाद्यांवर वारा सुटतो, तो चुकवू नका.

आणि फोनच्या स्पीकरवर अजिबात नको. कौलांवर पाऊस वाजत असताना त्या दोन बासऱ्या कुठल्या ऐकू येणार? हेडफोन द्या. हळू जागी आवाज वाढवून ठेवू नका, नाहीतर वादळात दचकतील.

खानापूरची_पोर: काल 'तापिओला' लावलं. मध्येच हेडफोन काढून, "हा समेवर येणार हाय का नाही?" परत घातला आणि शेवटपर्यंत बसले. आज 'व्हल्टावा', लाईट राहिली तर. त्यानंतर डेब्युसीचं समुद्रावरचं 'ला मेर' की मेंडेलसोनचं स्कॉटलंडच्या बेटांवरचं 'हेब्रिडीज'?

शहापूर_पेठ: 'हेब्रिडीज'. दहा मिनिटांचं आहे, जेवायच्या आधी होतं. 'ला मेर' दिवाळीनंतर.