आफ्रिकी भाषांचे आवाज खुल्या परवान्यावर वाटून टाकावेत का?

प्रिटोरियाकर

गेली नऊ वर्षं प्रिटोरियात आहे. ऑफिसातल्या माझ्या मैत्रिणीची आई सेत्स्वाना बोलते, वय सत्तरीच्या पुढे. दोन वर्षांपूर्वी मुलीने तिला फोनसमोर वाक्यं वाचायला बसवलं. आपली भाषा यंत्राला यावी म्हणून लोक तेव्हा असे आवाज देत होते. म्हातारीने पंधरा दिवस रोज दुपारी नेमाने वाचलं. पैसे मिळाले नाहीत, तिने मागितलेही नाहीत. मध्यंतरी मैत्रिणीला कामासाठी बोलणं ऐकून लिहून देणारी एक परदेशी सेवा सापडली. भाषांच्या यादीत सेत्स्वाना होती आणि दर मिनिटागणिक, डॉलरमध्ये. ते यंत्र म्हातारीच्या आवाजावर शिकलं की आणखी कुणाच्या, हे आम्हाला कळायला काहीच मार्ग नाही. माझं भांडण नेमकं त्याच्याशीच आहे.

आवाजांचे असे बरेच संच 'सीसी शून्य' परवान्यावर असतात. म्हणजे देणाऱ्याने सगळे हक्क सोडले. कुणीही घ्यावं, कशालाही वापरावं, देणाऱ्याचं नाव घेतलं नाही तरी चालतं. ज्या भाषेची बाजारात आधीच चलती आहे तिला हे परवडतं. सेत्स्वाना, खोसा, इग्बो या भाषांकडे आज विकण्याजोगी एकच गोष्ट आहे, बोलणाऱ्यांचा आवाज. तोच फुकट देऊन टाकायचा?

दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने आपल्या भाषांसाठी एक यांत्रिक भाषांतर प्रकल्प चालवला, त्याचं नाव औत्शुमातो. हा सतराव्या शतकातला खोईखोई सरदार. इंग्रज त्याला जहाजावरून जाव्यापर्यंत घेऊन गेले, तिथून तो भाषा शिकून आला आणि केपमध्ये, म्हणजे आजच्या केप टाउनच्या परिसरात, दुभाष्या झाला. १६५२मध्ये डच उतरले तेव्हा तेही त्याच्याच जिभेवर अवलंबून होते. १६५८मध्ये त्यांनी त्याला रॉबेन बेटावर कैदेत टाकलं. पुढच्या वर्षी तो होडीतून निसटला. या खंडात भाषा जाणणाऱ्या माणसाचा वापर कसा होत आलाय, हे इथल्या लोकांना कुणी शिकवायला नको.

प्रिटोरिया विद्यापीठ आणि नैरोबीचं स्ट्रॅथमोर विद्यापीठ इथल्या कायद्याच्या अभ्यासकांनी एक वेगळा परवाना तयार केलाय, 'न्वुलिते ओबोदो'. नाव इग्बो भाषेतलं, अर्थ साधारण 'समाज उभा करणं'. विकसनशील देशातल्या माणसाने डेटा मोकळेपणाने वापरावा. श्रीमंत देशातल्याने किंवा धंदेवाल्याने वापरला तर त्याचा काही लाभ त्या समाजाकडे परत यावा. मला हे न्याय्य वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

अनघा_र

तळमळ पोचली, पण मी पूर्ण विरोधात आहे. मी याच क्षेत्रात काम करते आणि परवान्याने काय होतं ते जवळून पाहिलंय.

'मसाखाने' हे नाव ऐकलं असेल. झुलूत त्याचा अर्थ 'आपण मिळून बांधू या'. २०१९च्या सुमारास काही तरुण आफ्रिकी संशोधकांनी ही चळवळ उभी केली. २०२०च्या त्यांच्या शोधनिबंधामागे चारशेहून जास्त माणसं होती आणि तीसहून अधिक भाषांची भाषांतरयंत्रं त्यांनी करून दाखवली. विद्यार्थी, अनुवादक, पत्रकार, कुणाकुणाकडे तर धड संगणकही नव्हता. यांनी सुरुवात कशावर केली? एका धार्मिक पंथाच्या संकेतस्थळावरून गोळा केलेल्या, तीनशेहून अधिक भाषांमधल्या मजकुरावर. जेडब्ल्यू३०० म्हणतात त्याला. पुढे लक्षात आलं की त्या स्थळाच्या अटींत अशा वापराला परवानगी नाही. संच काढून टाकावा लागला. कित्येक आफ्रिकी भाषांसाठी इंग्रजीशी जोडलेला एवढा मोठा मजकूर दुसरा नव्हताच. फटका कुणाला बसला? न्यूयॉर्कला नाही बसला. लागोस आणि किगालीतल्या पोरांना बसला.

दुसरी बाजू बघा. किन्यारवांडा, एका छोट्या देशाची भाषा. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या आवाज जमवणाऱ्या प्रकल्पात तिचे दोन हजारांहून अधिक तास जमले, आणि तेही तुम्ही नाव घेतलंत त्याच सीसी शून्य परवान्यावर. रवांडात महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सगळे मिळून सार्वजनिक काम करतात, त्याला उमुगांडा म्हणतात. त्याच नावावरून 'डिजिटल उमुगांडा' ही किगालीतली मंडळी उभी राहिली आणि त्यांनी हे आवाज जमवले. कोविडमध्ये म्बाझा नावाची माहितीसेवा लोकांशी किन्यारवांडात बोलत होती, तिच्यामागे हीच माणसं. दार उघडं होतं म्हणून घरातलीच माणसं आत आली.

आणि मोठ्या कंपन्या? मेटाने २०२२मध्ये दोनशे भाषांचं भाषांतर करणारं मॉडेल काढलं, त्यात ५५ आफ्रिकी भाषा. गूगलने २०२४मध्ये आपल्या भाषांतरसेवेत एका दमात ११० भाषा वाढवल्या, त्यातल्या जवळपास पाव आफ्रिकेतल्या. अशा कंपन्या आंतरजालावरचा वाट्टेल तो मजकूर चाळतात. तुमचा परवाना वाचून थांबणार आहे तो प्रामाणिक, वकील न परवडणारा छोटा माणूस.

प्रिटोरियाकर

अनघाताई, जेडब्ल्यू३००ची गोष्ट मी उलटी वाचतो. तिथे मालकी समाजाबाहेरच्या एका संस्थेची होती, म्हणून तिच्या अटींपुढे सगळे हतबल झाले. तोच मजकूर बोलणाऱ्यांच्या मालकीचा असता तर 'वापरा' म्हणायला तेच मोकळे होते. शिवाय तो मजकूर कसला होता? प्रवचनं. त्यावर शिकलेल्या यंत्राला पाप आणि तारण छान समजतं, दवाखान्यातली चिठ्ठी नाही. जे फुकट आणि हाताशी होतं त्यावर भागवलं, त्याची ही किंमत.

मोठे चोरणारच असतील, तर ते चुकीचं आहे हे निदान कागदावर असू दे. सीसी शून्यने आपण ते बरोबर ठरवून मोकळे होतो.

रोखठोक

दोघांचाही राग ओढवून घेतो. नायजेरियात पाचशेहून अधिक भाषा आहेत. कितींसाठी यंत्रं करणार? मी केनियात चार वर्षं काढली. आमच्या ड्रायव्हरच्या दोन्ही मुली घरी लुओ बोलत आणि त्यांना इंग्रजी शाळेत घालायला तो माणूस पोट मारत होता. त्याला विचारा, लुओत बोलणारा फोन हवा की मुलीची फी. हा विद्यापीठातल्या लोकांचा जिव्हाळा आहे. वाईट नाही, पण गरज त्यांची आहे.

डर्बनची_वीणा

रोखठोक, त्या ड्रायव्हरला विचारायचंच तर असं विचारा: तुझी आई आजारी पडली आणि डॉक्टरला लुओ येत नसेल तर? शाळेची भाषा निवडता येते. पोटात कुठे दुखतंय ते माणूस आपल्याच भाषेत सांगतो.

मी डर्बनला भाषांतराचं काम करते, इंग्रजी-झुलू. माझं झुलू घरचं नाही, कमावलेलं आहे, म्हणून प्रत्येक मजकूर झुलू सहकारिणीकडून तपासून घेते. दक्षिण आफ्रिकेत जवळजवळ प्रत्येक चौथ्या माणसाची घरची भाषा झुलू आहे. संविधानाने अकरा भाषा अधिकृत केल्या, २०२३मध्ये सांकेतिक भाषा बारावी झाली. तरी सरकारी फोन लावला की बहुतेक वेळा इंग्रजीच कानावर पडतं. गरज कुणाची आहे ते रांगेत उभं राहिलं की कळतं.

पण परवान्याच्या वादात एक गोष्ट राहून जातेय, तो डेटा बरा आहे का? उदाहरण देते. 'मला तू आवडतेस' हे झुलूत एकच शब्द: न्गियाकुथांडा. 'मी', क्रिया चालू असल्याची खूण, 'तुला' आणि धातू, सगळं एका दावणीला बांधलेलं. सेत्स्वानात तेच चार सुटे शब्द: के आ खो राता. व्याकरण सख्ख्या बहिणींचं, पण एकीने जोडून लिहायचं ठरवलं आणि दुसरीने तोडून. हे तोडणं-जोडणं गेल्या दीडदोनशे वर्षांत छापखाने आणि मिशनऱ्यांबरोबर पक्कं झालं. आता यंत्र शब्द मोजायला बसलं की झुलूत जिकडेतिकडे कधीच न पाहिलेले शब्द. इंग्रजीसाठी केलेली अवजारं त्यांचे भलतीकडेच तुकडे करतात. आमचं मानधनही शब्दांवर मोजतात, तेव्हा त्याच मजकुराचे झुलू अनुवादकाला कमी पैसे आणि सेत्स्वानावाल्याला जास्त! हे मी इतक्या ठिकाणी सांगितलंय की आता आवाज चढतो.

योरुबाचं दुखणं आणखी वेगळं. 'ओको' म्हणजे नवरा, कुदळ, गाडी. फरक फक्त सुरांचा, जो अक्षरांवरच्या खुणांनी दाखवतात. फोनवर त्या खुणा कोण टाकतो? मग यंत्राने वाचायचं काय? हे दुरुस्त करायला योरुबा जाणणारं माणूस तासन्‌तास बसावं लागतं. खुला असो की बंद, त्या तासांचे पैसे कोण देतंय, ते आधी सांगा.

अनघा_र

वीणा, हे अगदी मान्य. २०२५मध्ये केनिया, नायजेरिया आणि दक्षिण आफ्रिकेत मिळून १८ भाषांमधलं सुमारे नऊ हजार तासांचं बोलणं जमवण्यात आलं. शेती, आरोग्य, शिक्षण असे रोजचे विषय. हे प्रवचनांच्या पलीकडचं आहे. पण पैसा बहुतांशी गेट्स फाउंडेशनचा. म्हणून परवान्यापेक्षा तुमचा प्रश्न मला जास्त बोचतो. उद्या तो पैसा आटला तर?

दप्तरदार

उशिरा लिहितोय. माझा विषय जुनी कागदपत्रं, संगणकातलं मला फार कळत नाही. पण या वादाची एक जुनी आवृत्ती केप टाउनमध्ये घडून गेली आहे.

१८७०च्या सुमाराला तिथल्या ब्रेकवॉटर तुरुंगात खाम भाषा बोलणारे काही सान, म्हणजे तिथल्या मूळच्या शिकारी जमातीतले, कैदी होते. (खामच्या आधी जिभेचा एक चटका आहे, देवनागरीत त्याला अक्षर नाही.) विल्हेल्म ब्लीक हा जर्मन भाषापंडित आणि त्याची मेहुणी ल्यूसी लॉइड यांनी त्यातल्या काहींना परवानगी काढून आपल्या घरी आणून ठेवलं आणि त्यांच्या कथा त्यांच्याच भाषेत उतरवून घेतल्या. बारा हजारांहून अधिक पानं भरली. १८७५मध्ये ब्लीक गेला, लॉइडने काम चालू ठेवलं. त्यातला मोठा भाग १९११पर्यंत छापलाही गेला नव्हता. तोवर भाषा संपत आली होती. आज ती बोलणारं कुणी नाही. वह्या युनेस्कोच्या जागतिक स्मृतीच्या यादीत आहेत, त्यांची पानं पडद्यावर कुणालाही उघडता येतात. देशाच्या राजचिन्हावर २००० साली बोधवाक्य घातलं तेही खाम भाषेतलं.

प्रिटोरियाकर म्हणतील, कैद्याची संमती ही कसली संमती! खरं आहे. मलाही ते टोचतं. पण त्या वह्यांतला मुख्य कथाकार काब्बो, वयस्क माणूस, जनावरं चोरल्याच्या आरोपावरून पकडलेला. शिक्षा संपल्यावरही तो काही काळ थांबला. आपल्या कथा पुस्तकांतून लोकांना कळतील याचा त्याला आनंद होता, असं लॉइडने लिहून ठेवलंय. त्याला वाटा नको होता, कथा पोचायला हव्या होत्या. तेव्हा कुणी कुलूप घातलं असतं तर आज त्याचा एक शब्दही उरला नसता.

शेजारच्या भाषेचंही बघा. उपिंग्टनच्या कात्रिना एसाऊ, नू भाषा अस्खलित बोलणाऱ्या शेवटच्या म्हणून ओळखल्या गेलेल्या. त्यांनी घरीच शाळा भरवून पोरांना चटक्यांसकट भाषा शिकवली. या भाषेसाठी कुठली कंपनी लाभाचा वाटा घेऊन येणार आहे? तिला हवेत ऐकणारे कान. जितके मिळतील तितके.

डर्बनची_वीणा

दप्तरदार, एक सांगू? त्या वह्यांत कोणती कथा कुणी सांगितली हे लिहिलेलं आहे. काब्बोचं नाव आज तुम्ही घेऊ शकलात ते त्यामुळेच. आपल्याकडे गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी पुढाकार घेऊन जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या आज 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर ऐकताना गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव सोबत येतं. तेही खुलंच आहे. खुलं असणं आणि बेनाम असणं यांची गल्लत का करायची?

अनघा_र

कारण आवाजाबरोबर नाव दिलं तर उद्या कुणी त्या आवाजात त्यांच्या मुलाला फोन करून पैसे मागेल. ओव्या जमवल्या तेव्हा ही भीती नव्हती. बेनाम ठेवणं ही सुरक्षितता आहे.

न्वुलिते ओबोदोबद्दलही माझी अडचण राहतेच. ते देश बघून माणूस ठरवतं. काँगोतल्या लुबुंबाशीची मुलगी पॅरिसला शिकायला गेली की ती कोण? आणि आफ्रिकेतच शंभर गाड्या बाळगणारा धंदेवाला आहे, त्याचं काय? धंद्यावर अट घाला, मी सही करते. नकाशावर घालू नका.

प्रिटोरियाकर

धंदेवाला आफ्रिकेत असला तरी अट त्यालाही लागावी, हे मान्य. देशाचा मुद्दा मला अजून पटत नाही. जोहान्सबर्गच्या लेलापा या छोट्या कंपनीने २०२४मध्ये पाच आफ्रिकी भाषांसाठी 'इंकुबा' हे मॉडेल काढलं. इंकुबा म्हणजे शेणकिडा, आपल्यापेक्षा कितीतरी जड गोळा ढकलणारा. मॉडेल ४० कोटी पॅरामीटरचं (यंत्र शिकताना जे आकडे जुळवतं ते), या धंद्यात अगदीच लहान. त्यांना आणि कॅलिफोर्नियातल्या कंपनीला एकाच रेषेवर उभं करून 'पळा' म्हणणं म्हणजे समानता नव्हे.

काब्बोबद्दल मात्र मी दोन दिवस विचार करतोय. म्हणून काल मैत्रिणीच्या घरी गेलो आणि म्हातारीलाच विचारलं, तुम्हाला काय हवं होतं? मला वाटलं पैसे म्हणेल, किंवा काहीच नको म्हणेल. ती म्हणाली, मी वाचलेलं मला एकदा ऐकव. तिचा थोरला नातू केप टाउनला वाढतोय, त्याला सेत्स्वाना येत नाही, त्याला पाठवायचंय. आम्ही संच उतरवून घेतला. हजारो फायली, कुणाचंच नाव नाही. अर्धी रात्र ऐकत बसलो. तिचा आवाज सापडला नाही.

अनघा_र

थांबा, हे होण्याजोगं आहे. अशा संचांत बहुधा प्रत्येक ध्वनिफितीला बोलणाऱ्याचा सांकेतिक क्रमांक असतो, एका माणसाच्या सगळ्या फितींना एकच. सोबत वयोगट आणि लिंगाचा रकाना असतो, भरलेला असेल तर. तो लावला की सेत्स्वाना बोलणाऱ्या सत्तरीपुढच्या बाया फार उरणार नाहीत. एक फीत हाती लागली की बाकीच्या आपोआप निघतील. शिवाय वाचलेली वाक्यं मजकुरात शोधता येतात. संचाची आवृत्ती कोणती ते मला निरोपात कळवा, शनिवारी बसते. आणि त्यांना विचारून ठेवा, वाचलेल्यातलं एखादं वाक्य आठवतंय का?