'ट्रस्टेड सर्टिफिकेट'ला मराठीत काय म्हणावं?

पारोळ्याच्या शेताचा डिजिटल सहीचा सातबारा डाउनलोड केला. पीडीएफ उघडली तर सहीवर हिरव्या खुणेऐवजी पिवळं प्रश्नचिन्ह. वडील घाबरले, "खोटा निघाला का?" शेजारच्या मुलाने दोन-चार ठिकाणी क्लिक करून 'ट्रस्ट' म्हटलं आणि खूण हिरवी झाली. उताऱ्यातलं एक अक्षरही बदललं नाही, मग विश्वासार्ह झालं ते काय? 'विश्वासार्ह प्रमाणपत्र' हा शब्द मला इथे बसत नाही.

*

ताई, खटकलं ते बरोबरच. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत करताना दोन माणसं उभी राहतात, ती लिहून देणाऱ्याला आपण व्यक्तिशः ओळखतो एवढंच सांगतात. जमीन निर्वेध आहे की माणूस सच्चा आहे, याची जबाबदारी त्यांची नाही. ही सही किंवा साइट कुणाची हे सांगणारं सर्टिफिकेट देणारी संस्था हेच काम करते. म्हणून मी 'ओळखीचा दाखला' म्हणेन. काही ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्याशेजारी दिसणारं कुलूपही तेवढंच सांगतं. भामट्याच्या साइटलाही ते मिळतं, तेही फुकट.

दाखला देणाऱ्यासाठी मात्र 'पत' हा शब्द हवा. पत कमी-जास्त होते आणि जातेही. २०११ मध्ये नेदरलँड्सच्या डिजिनोटार या दाखले देणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेत घुसून कुणीतरी गूगलच्या नावाचा खोटा दाखला काढला. उघडकीस आल्यावर महिन्याभरात कंपनीचं दिवाळं निघालं. २०१४ मध्ये आपल्या एनआयसीकडून, म्हणजे केंद्र सरकारच्या संगणक संस्थेकडून, गूगलच्याच नावाचे अनधिकृत दाखले निघाले. ज्यांचे दाखले आपोआप मानायचे त्या विंडोजच्या यादीत भारताचं मूळ प्रमाणपत्र (बाकीचे दाखले ज्याच्याखाली निघतात ते) होतं, म्हणून तिथे धोका होता. फायरफॉक्सच्या यादीत ते नव्हतंच, म्हणून तिथे नव्हता. गूगलने मग क्रोममध्ये ते मूळ सातच डोमेनपुरतं, म्हणजे साइटच्या सात नावांपुरतं, बांधायचं ठरवलं. पत अशी मापूनही देता येते, 'विश्वास' या शब्दात ते मावत नाही.

आता तुमचा सातबारा. मुलाने 'ट्रस्ट' कशावर म्हटलं ते आधी बघा. एका सहीवाल्याच्या दाखल्यावर म्हटलं असेल तर गोष्ट तेवढ्यापुरती. थेट मुळावर म्हटलं असेल तर त्याच्याखाली निघालेला प्रत्येक दाखला तुमच्या संगणकावर आपोआप हिरवा दिसणार. उताऱ्यावरचा पडताळणी क्रमांक महाभूमीच्या, म्हणजे राज्याच्या भूमी अभिलेखाच्या, साइटवर टाका आणि दोन्ही उतारे शेजारी ठेवून ताडा.

*

ताडले दादा. गट नंबर, क्षेत्र, नावं, सगळं जुळलं. आमच्या अहिराणीत ओळखीला 'वयख' म्हणतात; वडिलांना तोच शब्द वापरून सांगितलं, लगेच उमगलं त्यांना. मुलाने मुळावरच 'ट्रस्ट' म्हटलं होतं. ते काढलं. सहीवर पुन्हा पिवळं प्रश्नचिन्ह आलंय, आणि वडिलांनी तोच उतारा छापून फायलीत लावलाय.